धाकू खाटेवर नव्हता

ऑपरेशनच्या सकाळी धाकू खाटेवर नव्हता. शेवंतीने सगळा वॉर्ड पालथा घातला, आणि मग रिक्षा करून थेट वर्सोव्याचा आपला कोळीवाडा गाठला.

नवरा किनाऱ्यावर ओढलेल्या होडीत बसला होता, इस्पितळाच्याच कपड्यांत. कंबरेतल्या कळांनी त्याला ताठ बसवत नव्हतं.

वर्षभर लघवीचा त्रास होता, मग कंबर धरली. अंधेरीच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर सांगितला, हाडांत पोचलेला. त्यांनी दोघांना समजावलं होतं: पेशींच्या अंगावर आणि आतही ग्राहक असतात, म्हणजे रक्तातून आलेले निरोप पकडणाऱ्या जागा. पुरुषी संप्रेरक आतल्या ग्राहकाला चिकटलं की गाठ वाढते. ते संप्रेरकच बंद करायचं. कसं, ते मात्र त्यांनी धाकूला एकट्याला सांगितलं. तेव्हापासून त्याचं तोंड उतरलं होतं. शेवंतीला वाटलं, डॉक्टरांनी आशा सोडली.

"मरायला इथं आलास?" ती म्हणाली.

"मरणाला नाय भीत गं." तो म्हणाला. "अंडं काढणार ते. दोन्ही. ते संप्रेरक त्यातच बनतं म्हणे. मग मी कोण उरलो? होडीवरची माणसं काय बोलतील?"

शेवंती होडीचा काठ धरून उभी राहिली.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "काल तू दुखण्याने ओरडलास ना, तेव्हा मी कान झाकून बाहेर पळाले. मलाही भीती वाटते रे. पण पुन्हा तसं ऐकवणार नाही मला. चल."

त्याने हात पुढे केला. तिने धरून त्याला होडीतून उतरवलं.

ऑपरेशन झालं. थोड्या दिवसांत कळा थांबल्या, धाकू चालू लागला, जाळी विणायला बसला. शेवंतीने डॉक्टरांना विचारलं, "गेला ना आता?"

"दबलाय," डॉक्टर म्हणाले. "काही पेशी पुढे त्या संप्रेरकाशिवायही वाढायला शिकतात. त्यांच्या अंगावर दुसरे ग्राहक असतात, ते दुसरे निरोप पकडतात. कुठले, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

"मग थांबवायचं कसं?"

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

हे तिने धाकूला सांगितलं नाही. आता रोज सकाळी ती विचारते, "दुखतंय का?" तो "नाय" म्हणतो आणि तोंड फिरवतो. खरं बोलतो की नाही, ते तिला कळत नाही.