वाट्याचे क्रेट

“लागला एकदाचा कर! आता बसा बोंबलत,” पाकाच्या खोलीत शिरल्या शिरल्या फोरमन ओरडला. “गोड बाटली महागली. लोक घेणार नाहीत, कारखाना बसणार, आणि सरकार म्हणणार, बघा, जनता कशी बारीक झाली!”

सगळे हसले. पाकवाले काकाही हसले. शीतपेयाच्या या कारखान्यात साखरेचा पाक करता करता त्यांचे केस पिकले होते, पोट त्यावरच चाललं होतं, आणि तरी मनातल्या मनात ते सरकारला दुवा देत होते. तोंडातून ब्र काढला असता, तर मंडळींनी उचलून पाकाच्या टाकीतच टाकलं असतं!

घरी काकू होती ना. एकेकाळी तिचं शिलाई मशीन नुसतं धडधडत असायचं. आता पलंगावरून उठायचं तर आधी पलंगाला विचारावं लागतं, असं ती स्वतःच म्हणायची. वजन वाढलं, रक्तातली साखर वाढली, डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. “हे गोड पाणी थांबलं नाही, तर पाऊलही जाईल,” डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं. पण काका कामावर गेले रे गेले, की काकू खिडकीतून दोरीला पिशवी सोडायची आणि खालचा दुकानदार तीत बाटली ठेवायचा. काका त्याच्याशी भांडले, काकूला शपथा घातल्या, अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नवऱ्याला जमलं नाही ते सरकारला तरी जमावं, एवढीच त्यांची आशा उरली होती.

आणि जमलं की हो! “मेल्यानं काय भाव लावलाय! नाही घेत जा,” म्हणत काकूनं रिकामी पिशवी वर ओढली. काही दिवसांनी पायाची जखमही सुकायला लागली. काकांनी तिला धरून दारापर्यंत चालवलं, तेव्हा त्यांना रडूच आलं.

इकडे कारखान्याचं गोदाम तुंबलं. बोनसला पैसा नाही, त्याऐवजी माल घ्या, असं मालकानं जाहीर केलं.

“माझा वाटा दुसऱ्या कुणाला दे बाबा,” काका फोरमनला म्हणाले.

“लाजता काय काका? सगळ्यांत जुने तुम्ही. मी तुम्हाला दुप्पट लावलाय, आणि टेम्पो सकाळीच पाठवलाय. जिना चढवून आत ठेवा म्हणून बजावलंय हमालांना!” फोरमननं प्रेमानं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

काका सुट्टी न टाकताच घराकडे पळाले.

क्रेट पलंगाला लागूनच रचले होते, काकूच्या हाताच्या अंतरावर. हमालांकडून उघडून घेतलेल्या दोन बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. काकांनी एक क्रेट उचलला, मोरीत नेला आणि बाटल्या ओतायला लागले. काकू ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडायला लागली.

“ओता, सगळं ओता. शिवण गेली, जिना गेला, बायका यायच्या बंद झाल्या. दिवसभर या भिंतीकडे बघते मी. एवढं एक गोड लागतं हो तोंडाला.”

“अगं, पाय जाईल तुझा!”

“पाय घेऊन जायचंय कुठे मला?”

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. मोरीतला फेस हळूहळू खाली बसला.

थोड्या वेळानं काकूनं आणखी एक बाटली घेतली. बोटांतली संवेदना गेली होती, झाकण फिरेना. तिनं बाटली काकांपुढे धरली.

काकांनी ती उघडली. मग पेला धुतला आणि तो काठोकाठ बर्फानं भरला, म्हणजे पेय तेवढंच कमी मावेल.