खंडेनवमीची संगीन

आमचा आजा पलटणीत होता. त्याची संगीन बापाच्या माघारी माझ्या भावाकडं, अजिनाथकडं आली. मला तो तिला हातही लावू देत नव्हता. बाईमाणसानं शिवलं की शस्त्राला विटाळ होतो म्हणं. त्याच्या गोठ्यातलं शेण काढायला मात्र हेच हात चालायचे. दर खंडेनवमीला तो संगीन विटेच्या भुकटीनं घासून पूजायचा आणि मी उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे.

यंदा त्याला ती विकायची होती. पुराव्याला लागणारा आज्याचा पलटणीतला फोटो माझ्याकडं, म्हणून फुलंब्रीहून मलाही शहरात गुलमंडीच्या बाजारात नेलं. जुन्या हत्यारांच्या व्यापाऱ्यानं भिंग लावून पातं उलटंपालटं केलं.

"मुठीजवळ कारखान्याचा शिक्का, साल, पलटणीचा नंबर असतो. त्याचीच किंमत. इथं तर सगळं सपाट! घासलं कुणी?"

"मीच," अजिनाथ छाती फुगवून म्हणाला. "आरशावाणी चमकते का नाय?"

"चमकते. आता भंगारात घाला."

बाहेर येताच त्यानं संगीन माझ्या पिशवीत कोंबली. "आक्का, आज्याची आठवण हाय. तूच ठेव."

किंमत गेली, तसा विटाळही गेला होता.