लाल ठिपक्याखालचा स्क्रू

मी एक जुना काळा डबा आहे, साबणाच्या वडीएवढा. खडकाळ वाटांवर पळणाऱ्या एका मोटारसायकलच्या सीटखाली, बॅटरीशेजारच्या अंधारात मी राहतो. मित्रांनो, गाडी सगळ्यांना दिसते. मी कोणाला दिसत नाही.

इंजिनाला हवा लागते आणि पेट्रोलचा फवारा लागतो. फवारा किती सोडायचा हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. पण त्याने कारखान्यात शिकलेला असतो तो डांबरी रस्ता. मुरूम आणि फुफाटा त्याला ठाऊक नसतो. त्याच्या हुकमात थोडे कमी, थोडे जास्त करणे हे माझे काम. त्यासाठी माझ्या पाठीवर तीन बारीक स्क्रू आहेत: एक सावकाश चालीसाठी, एक मधल्या चालीसाठी आणि एक भरधाव वेगासाठी.

मला विकत आणले मधुसूदन यांनी. नोकरी वाळूजच्या कारखान्यात, घर शहरात, पुंडलिकनगरात. ती दुष्काळाची वर्षे होती. गल्लीत टँकर आला की बादल्यांचा खडखडाट माझ्यापर्यंत ऐकू येई. दौलताबादच्या पुढे एक तलाव पार आटला होता. सुटीच्या दिवशी मधुसूदन आणि त्यांचे मित्र राजकुमार त्या भेगाळलेल्या तळात गाड्या पळवत.

"पाणी नाय दिलं तुमच्या देवानं, पण ट्रॅक झकास दिला," राजकुमार म्हणत.

"गप रे. लोक हंडे घेऊन फिरतायत."

धूळ इतकी असे की मधुसूदनांनी हवेच्या फिल्टरवर फोमची जाड टोपी चढवली. हवा कमी झाली, म्हणून त्यांनी माझे स्क्रू फिरवून पेट्रोलही कमी केले. थोडे फिरवायचे, एक फेरी मारायची, ठिणगी पाडणारा प्लग काढून बघायचा. प्लग बिस्किटाच्या रंगाचा दिसला, म्हणजे हवा-पेट्रोल जुळले, की ते खूश. मग धक्क्यांनी स्क्रू हलू नयेत म्हणून प्रत्येकावर नेलपॉलिशचा एक ठिपका. बाटली अर्थातच लेकीची.

"बाबा, माझी नवी बाटली!"

"एक थेंब घेतला गं, मनू."

"थेंब? ब्रशला ग्रीस लागलंय!"

तळात गाडी सुरेख पळे. बघणारे गाडीची तारीफ करत, मी सीटखाली ऐकत असे.

पुढे शहर वाढले. तलावाच्या काठावर प्लॉट पडले, आम्ही जायचो त्या वाटेवर सिमेंटचा रस्ता आला. आणि एका हिवाळ्यात मधुसूदन गेले. गाडीवर कव्हर चढले. खाली उन्हाळा आहे की पावसाळा, एवढेच मला कळे.

बऱ्याच काळाने मनूने, म्हणजे मनस्विनीने, कव्हर काढले आणि गाडी एका नव्या दुकानात दुरुस्तीला दिली. त्यांनी मळकी टोपी फेकली, कोरा फिल्टर बसवला. हवा भरपूर येऊ लागली. पेट्रोल मात्र दुष्काळातलेच राहिले, कारण माझी चौकशी कोणी केली नाही. अजिंठ्यापुढे फर्दापूरच्या घाटात, परतताना, इंजिन दोनदा खोकले आणि चढावर बंद पडले. मागून ट्रकचा हॉर्न. मनस्विनीने गाडी ढकलत कशीबशी कडेला घेतली.

गाडी घरी आणल्यावर राजकुमारांनी प्लग काढून तिच्यापुढे धरला. "पांढराफटक. पेट्रोल कमी पडतंय. लई तापलं तर पिस्टन जाईल. स्क्रू फिरवावे लागतील, मनू."

तिने माझ्या पाठीवरचे तीन लाल ठिपके पाहिले. "नको, काका. हे बाबांनी लावलेत."

"व्हय, त्यानंच लावलेत. मग गाडी कव्हरात ठेव. अशीच चालवशील तर पुन्हा घाटात अडकशील, अन् मधू मला स्वप्नात येऊन शिव्या घालील."

तिने नखाने पहिल्या ठिपक्याची कड उचलली. लालखाली गुलाबी निघाला, गुलाबीखाली चंदेरी.

"ही चंदेरी मी कॉलेजात लावायचे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे बाबा हे ठिपके फोडत होते. दर वेळी."

"हवा बदलली की फोडायचाच की, अन् वर नवा लावायचा."

तिने पेचकस घेतला. पहिला स्क्रू तिने स्वतः फिरवला, मग दुसरा. मधुसूदनांचा हात माझ्या पाठीवरून उठत होता. खोटे कशाला सांगू, मला फार एकटे वाटले. पण इंजिनाचा श्वास सरळ झाला.

तिसऱ्यापाशी ती थांबली. "हा राहू द्या."

"मग भरधाव नको पळवूस," राजकुमार म्हणाले.

तेव्हापासून ती गाडी जपून चालवते. मोकळा माळ लागला तरी वेग वाढवत नाही. मोटारी पुढे निघून जातात. तिसरा स्क्रू अजून त्या कोरड्या तळातच आहे आणि त्याच्याबरोबर थोडी तीही.

मित्रांनो, कोणी मागे ठेवून गेलेली वस्तू तुमच्या घरी असेल, तर ती पुसा, झाका. पण तेवढ्याला जपणे समजू नका. तिला नवी हवा लागते. आणि मनस्विनी कुठे भेटलीच, तर माझा एवढा निरोप द्या: तो स्क्रूही फिरव. मधुसूदन असते तर त्यांनी तो केव्हाच फिरवला असता.