टेकलेली पाठ

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंगावरून किंवा वेगावरून माझी ओळख पटणार नाही, कारण दोन्ही आता उतरले आहेत. माझी खूण एकच. मला ब्रेकची दोन पेडले आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरे शिकवणाऱ्याच्या पायाशी. मी कुंभकोणममधल्या एका लहानशा ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे.

माझा जन्म चेन्नईजवळच्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या कितीतरी पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. कोण कुणाच्या घरी जाणार आणि कोण टॅक्सी होणार, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मला कृष्णमूर्ती रावांनी घेतले. मी दारात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या चारही चाकांखाली लिंबे ठेवली, मला हळूच पुढे घेतले, आणि लिंबे फुटल्याचा आवाज ऐकून म्हणाले, "बरें झालें. आतां चल बाई कामाला."

माझ्या कानावर पडलेले ते पहिले मराठी वाक्य. रावांचा बाहेरचा सगळा व्यवहार तमिळमध्ये चाले. माझ्याशी मात्र ते घरच्या भाषेत बोलत. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला येताना ही मराठी घेऊन आले, आणि ती त्याच जुन्या वळणाची राहिली. म्हणून आज मी तुमच्याशी मराठीत बोलू शकते.

पुढची वर्षे कामाची होती. दुकानदार, परिचारिका, नवी सून, निवृत्त कारकून, सगळे माझ्यावर शिकले. दसऱ्याच्या आयुधपूजेला मला चंदनकुंकू लागे आणि रावांचे जुने विद्यार्थी येऊन माझ्या बॉनेटवर थाप मारून जात. त्या काळात मी एक गोष्ट शिकले. माणूस तोंडाने "ठीक आहे" म्हणतो, पण मी तोंडाकडे पाहत नाही. मला कळतात ते तळहात, टाचा आणि पाठ. भ्यालेला तळहात स्टिअरिंगवर ओला होतो आणि तरीही घट्ट आवळतो. भ्यालेली टाच जमिनीवर टेकत नाही. आणि भ्यालेल्या माणसाची पाठ सीटला कधीच टेकत नाही. तो पुढे ओणवा बसतो, जणू काच फोडून पळायचे आहे.

रावांचा यावर एकच इलाज होता. ते म्हणत, "भिऊं नका," आणि आपल्या पेडलवर पाय दाबत. पाय चांगल्या मनाचा होता, पण उतावीळ. प्रत्येक वेळी मी गचकन थांबे आणि शिकणाऱ्याचे शरीर मनाशी नोंद करी की इथे खरेच काहीतरी भयंकर होते. मला हे कळे. पण गाडीला सांगता येत नाही.

मग रावांनी नवी गाडी घेतली. तिचे स्टिअरिंग एका बोटाने फिरते. मी अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली गेले. काचेवर पक्ष्यांची घाण साचली. एका खारीने माझ्या बॉनेटखाली काथ्या आणून घर केले. सुरुवातीला मला वाईट वाटले. नंतर खारीची सवय झाली.

गेल्या वर्षी विशालाक्षी आली नसती तर मी तशीच गंजले असते.

ती तिरुनीलक्कुडीच्या दवाखान्यात जनावरांची डॉक्टर. तिला गाडी येत होती, लायसन्सही होते. पण त्याआधी दोन वर्षे मायिलाडुतुरैच्या रस्त्यावर, तिरुभुवनम्च्या रेशमी साड्यांच्या दुकानांसमोर, गाडी चालवताना तिचे हृदय एकाएकी धडधडू लागले. बोटे बधीर झाली, श्वास पुरेना. आपण आता मरतो, असे तिला वाटले. गाडी रस्त्यात सोडून ती एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. इस्पितळात तपासले तर हृदय अगदी ठणठणीत निघाले. तरी तसेच पुन्हा झाले, आणि आणखी एकदा. शेवटी तिने गाडी विकली. मग बस, नाहीतर कुणाची मिनतवारी. एकदा ती बसथांब्यावर उभी असताना एका गावात एक गाय विताना अडली होती. ती पोहोचली तोवर गाय आणि वासरू दोन्ही गेली होती.

"तंजावरच्या कार्यालयात टेबलाचं काम मिळतंय," ती रावांना पहिल्याच दिवशी तमिळमध्ये म्हणाली. "हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर जनावरं सोडते आणि ते घेते."

हे सांगताना तिचा आवाज स्थिर होता. पण ती माझ्या दाराला हात धरून उभी होती आणि तो हात काय म्हणत होता ते मला कळत होते. राव म्हणाले, "मग डॉक्टरम्मा, तुम्हाला म्हातारीच देतो. ठोकली तरी रडणार नाही."

खारीचे घर हलवले गेले. मला धुतले, नवी बॅटरी बसवली.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी आम्ही साक्कोट्टैच्या बाजूला गेलो, कारण तिकडचा रस्ता शांत असतो. थोडे अंतर ठीक गेले. समोरून एक लॉरी आली आणि तिचे तळहात भिजले. ती पुटपुटली, "अय्यो देवा, मज काय होतें हें!"

रावांनी ब्रेक दाबला आणि ते थेट तिच्याकडे वळले. "अगबाई! आमच्यांतल्याच तुम्ही! कोणाच्या घरच्या?"

"आधीं मला वांचूं द्या, मामा," ती धापा टाकत म्हणाली. "मग घराणें विचारा."

त्या दिवसापासून माझे दार बंद झाले की आत मराठी सुरू होई. पण भाषा बदलली तरी भीती बदलली नाही. राव "भिऊं नका" म्हणत, ब्रेक दाबत, आणि तिची पाठ पुढेच राही. एकदा तर ती मधेच उतरून रिक्षाने घरी गेली. जाताना माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मग ती सकाळ आली. साक्कोट्टैच्या वाटेवर नारळाच्या झाडाला एक गाय बांधलेली होती. कुणीतरी जोराचा हॉर्न दिला, गाय उधळली, आणि दावे बुंध्याला गुंडाळले जाऊन तिची मान आवळली. विशालाक्षीने मला कडेला घेतले आणि ती उतरली. धावली नाही. गाईच्या खांद्याशी हात ठेवून काही वेळ नुसती उभी राहिली. मग दावे सोडवले. परत येऊन बसली तेव्हा तिचा तळहात कोरडा होता.

"काय केलेंत तिला?" रावांनी विचारले. "मंत्र घातलांत कीं काय?"

"मंत्र कुठला, मामा! आधीं पाहिलें. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, श्वास वरच्यावर, भार सगळा पुढच्या पायांवर. रवंथ बंद. अशा गाईला भिऊं नको म्हणून काय होणार? हात ठेवायचा आणि थांबायचें. तिनें लांब श्वास सोडला कीं मान आपोआप खालीं येते. मग भार मागें जातो, मग…"

ती थांबली. तिचे हात माझ्या स्टिअरिंगवर होते आणि मी निघण्याआधीच ते आवळले गेले होते. तिने आपल्या हातांकडे पाहिले, मग मागे सीटकडे पाहिले.

"मामा," ती हळू म्हणाली, "माझा भार सगळा पुढें आहे."

रावांनी अगदी जपून विचारले, "आणि रवंथ?"

तिने गालाला हात लावला. दातांवर दात घट्ट बसले होते. "बंद," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटले. राव पान खाणारे. त्यांनी डबीतून कुंभकोणमचे कोवळे पान काढून त्यात वेलदोडा घातला आणि तिला दिले. "घ्या. आपण दोघें रवंथ करूं."

मित्रांनो, तिला शास्त्र ठाऊक नव्हते असे नाही. धोका दिसला की शरीर पळण्याची तयारी करते. हृदय वेग घेते, स्नायू आवळतात, श्वास छातीत वर चढतो. ही तयारी म्हणजे आजार नव्हे. पण विशालाक्षी त्या धडधडीलाच धोका समजत होती. म्हणून धडधड आणखी वाढे, आणि ती वाढली म्हणून भीती वाढे. गाईच्या शरीरात जे तिला लांबून दिसे, ते आपल्या शरीरात पाहायला तिने कधी नजर वळवली नव्हती.

तेव्हापासून किल्ली फिरवण्याआधी ती स्वतःला तपासू लागली, जनावराला तपासतात तशी. मोठ्याने बोलून. "धडधड आहे, छातीच्या डाव्या बाजूला. पोट आवळलेलें. टाचा वर." धडधडीला ती थांब म्हणत नसे. टाचा खाली टेकवी, श्वास लांब सोडी आणि वाट पाही. कधी पाठ लगेच टेके. कधी अजिबात टेकत नसे, आणि त्या दिवशी आम्ही बदामाखालून हलतही नसू. एकदा माझे स्टिअरिंग थरथरले तेव्हा ती दचकली, मग हात सैल सोडून म्हणाली, "ही माझी थरथर नव्हे. चाकाची आहे."

"हो तर," राव म्हणाले. "म्हातारीची आहे. तुम्ही आपल्या नांवावर घेऊं नका."

तिरुभुवनम्च्या रस्त्याला मात्र आम्ही अजून गेलो नव्हतो.

तो प्रसंग न सांगता आला. एका दुपारी ती शिकायला आली असताना तिचा फोन वाजला. त्याच रस्त्याने पुढे, तिरुनीलक्कुडीला भुवनेश्वरी नावाच्या बाईची गाय अडली होती. नवी गाडी दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर बाहेर होती. राव म्हणाले, "मी घेतों गाडी. तुम्ही बाजूला बसा." विशालाक्षी माझ्या स्टिअरिंगमागे बसली.

तिरुभुवनम्ची पहिली दुकाने दिसली आणि ती लाट आली. तळहात ओले झाले, पाठ सुटली, पाय ताठ झाला. रावांचा पाय दुसऱ्या पेडलवर आला. मला त्याचे वजन जाणवले. अजून दाब नव्हता, पण एवढ्यात येणार होता.

"मामा, पाय काढा," ती म्हणाली.

"डॉक्टरम्मा…"

"तुम्ही दाबलें कीं मला वाटतें, मरण खरेंच समोर होतें. काढा."

रावांनी पाय मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिने मला वेग कमी करून कडेला घेतले, पण इंजिन बंद केले नाही. "छातींत आहे," ती म्हणाली. "जोरांत. बोटें बधीर. घसा मोकळा आहे. टाचा… आतां खालीं." तिने श्वास सोडला, पुन्हा सोडला. बाजूने बस गेली, साड्यांच्या दुकानातला माणूस आमच्याकडे पाहत राहिला. धडधड थांबली नाही. मला ती स्टिअरिंगमधून कळत होती. पण हळूहळू एक जड, ऊबदार वजन माझ्या सीटवर आले. पाठ टेकली.

"असूं दे धडधड," ती म्हणाली. "तीही येऊं दे बरोबर." आणि तिने गिअर टाकला.

ज्या पायरीवर ती एकदा बसली होती ती मागे गेली. राव खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी डोळे पुसले, आणि धूळ गेली म्हणाले.

मित्रांनो, मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. गाय वाचली. वासराचा पाय उलटा अडकला होता. तिने ते बाहेर काढले, पण त्याने श्वास घेतला नाही. हे मला गोठ्याबाहेर उभी असताना भुवनेश्वरीच्या रडण्यावरून कळले. विशालाक्षी हात धुऊन परत आली आणि किल्ली हातात धरून बसली. राव काळजीने म्हणाले, "आलें का तें पुन्हा?"

तिने डोळे मिटले. शोधल्यासारखे केले. "नाहीं, मामा. तें छातींत असतें. हें घशांत आहे." मग थोड्या वेळाने, "ही भीती नव्हे. हें दुःख आहे. याला पळायचें नसतें."

परतीच्या वाटेवर ती रडत होती आणि मला व्यवस्थित चालवत होती. पाठ शेवटपर्यंत टेकलेली होती. तंजावरचे टेबल तिने घेतले नाही. आता ती स्वतःची गाडी घेऊन गावोगाव जाते. कधी माझ्याजवळ थांबली तर दार उघडून बसते आणि उगाच स्टिअरिंगवर हात ठेवते. लाट अजून येते, असे ती रावांना सांगते. आली की ती तिला तपासते.

माझे वय संपले. रस्त्यावर चालण्याची माझी मुदत पुन्हा वाढणार नाही. उद्या मला मोडीत न्यायला येणार आहेत. तुम्हालाही एक शरीर मिळाले आहे, मित्रांनो. ते तुमच्याशी सतत बोलते. त्याला दटावू नका, आणि त्याच्या प्रत्येक आवाजाला पळूही नका. कुठे आवळले आहे ते आधी पाहा. हात ठेवा. थोडे थांबा.

आज संध्याकाळी राव एकटेच आले. खूप वर्षांनी ते शिकणाऱ्याच्या जागी बसले, पुढे ओणवे होऊन. माझ्या डॅशबोर्डवरून हात फिरवत म्हणाले, "भिऊं नको, बाई." मग थांबले. घशाला हात लावला. खार झाडावरून उतरली, आमच्याकडे पाहून परत वर गेली.

रावांनी लांब श्वास सोडला आणि त्यांची पाठ माझ्या सीटला टेकली.