पहिली दोरी

मंगळवारी दुपारी रोना बापाकडे मसुराचं सूप घेऊन गेली, तेव्हा लॉकलन हेडफोन लावून कीबोर्ड वाजवत बसला होता. खोलीत आवाज होता तो फक्त पट्ट्यांचा, कोरडा.

"शनिवारी टाउन हॉलमध्ये वाजवतोय आम्ही," हेडफोन मानेवर ओढत तो म्हणाला. "येशील?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही. अगदी आईवर गेलीयस. सूपमध्ये मीठ घातलंस, की डॉक्टरला फितूर झालीस?"

"झालेय फितूर. गुपचूप पी."

अडतीस वर्षं तिचा बाप स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या एका रॉक बँडमध्ये होता. कधी व्हॅनमध्ये, कधी बोटीवर, कधी जर्मनीतल्या कुठल्याशा हॉलात. रोनाने त्याला एकदाही जाऊन ऐकलं नव्हतं, आणि का, तेही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते अगदी ओठांवर आलं होतं. शनिवारनंतर सांगू, असं म्हणून तिने भांडं विसळलं आणि ती निघाली.

गुरुवारी तो गेला.

अंत्यविधीच्या माणसाने तिच्यापुढे एक कार्ड ठेवलं. शवपेटीचं चित्र, कडेने आठ आकडे. आठ जणांनी आठ दोऱ्या धरून पेटी खाली सोडायची. एक नंबर डोक्याकडचा, सगळ्यांत जवळच्या माणसाचा. रोनाने तिथे बँडचा गायक शग याचं नाव लिहिलं. बापाचं आयुष्य त्यांच्यातच गेलं होतं. अक्षर नेहमीसारखंच आलं. चष्म्याच्या दुकानात फॉर्म भरावा, तसं तिने ते भरून दिलं.

दफनभूमीत बँडचे चौघे आपापल्या नंबरची कार्डं घेऊन खड्ड्याच्या एकाच कडेला, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. डाव्या टोकाला त्यांनी एका माणसाची जागा सोडली होती.

"अहो, चारी बाजूंना उभं राहायचंय," अंत्यविधीवाला हळूच म्हणाला.

"सवय हो," ड्रमवाला पुटपुटला. "तिकडे लॉकलन असतो."

शग रोनाजवळ आला. "पोरी, एक नंबर माझा नाही. तुझा आहे."

"शगकाका, मी त्याला कधी ऐकायलासुद्धा आले नाही."

"माहितीय. रोनाच्या कानांना मोठा आवाज सोसत नाही, म्हणायचा. गावोगाव सांगायचा. आम्ही म्हणायचो, आवाज नाही रे, तूच सोसत नाहीस तिला."

रोनाच्या कानांना कधीच काही झालेलं नव्हतं.

तिने दोरी घेतली. खूण झाली, तशी दोरी तळव्यातून सरकू लागली, आणि मग एकदम सैल पडली. बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या आत सोडल्या. तिने सोडली नाही.

"बाबा," ती म्हणाली, मागच्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात, "माझे कान चांगले आहेत. मला तू घरी हवा होतास."