कपाळावरची फुली

माझी ताई टीव्हीवरच्या मालिकेत भुतांचा तपास करते. समोर साक्षात भूत उभं असलं तरी तिचा विश्वास बसत नाही. डावी भुवई चढवून ती "पुरावा?" म्हणाली की भूत गारठतं आणि घराघरांत टाळ्या पडतात. रस्त्यात लोक तिला पुरावाबाईच म्हणतात. शेजारणीच्या माळ्यावर खुडबुड झाली की बोलावणं हिलाच येतं, आणि उंदीर निघाला की खुर्चीवर चढून किंचाळणारीही हीच.

सेटवर भूत नसतंच. ते मागाहून संगणकावर रंगवतात. ताईने नेमकं कुठे बघायचं ते कळावं म्हणून कॅमेऱ्याचा सहायक कपाळावर पिवळ्या चिकटपट्टीची फुली लावून समोर उभा राहतो आणि भुताची वाक्यंही तोच म्हणतो. उंचच उंच, कमालीचा लाजाळू माणूस. सगळे त्याला भूतच म्हणतात. ताईची ती प्रसिद्ध नजर आठ वर्षं त्या बिचाऱ्याने एकट्याने झेलली आणि झेलता झेलता तिच्यावर पार लट्टू झाला. ताईचंही काही वेगळं नव्हतं. तो रजेवर असला की तिची भुवईच चढायची नाही. कबूल मात्र दोघंही करायला तयार नव्हते.

मी कपडेपट सांभाळते, त्यामुळे मला सगळं दिसतं. मालिकेच्या शेवटच्या दिवशी मी त्याला कपाटाआड गाठलं. उद्यापासून तो दुसऱ्या मालिकेवर, दुसऱ्या गावी जाणार होता. आज विचारलं नाहीस तर जन्मभर फुली लावून बस, असं मी त्याला बजावलं.

त्याने विचारलं. पण कधी, तर दोन शॉटच्या मधे, कपाळावर फुली तशीच ठेवून.

"मला इथून जायचं नाहीये," तो म्हणाला. "तुमच्याजवळ राहायचंय. कायमचं."

भुतं दुसरं काय म्हणतात? ताईला वाटलं, तालीम चालली आहे. तिची भुवई चढली.

"तू मुळात अस्तित्वातच नाहीस," ती कडाडली.

दिग्दर्शकाने खूश होऊन लांबूनच अंगठा उंचावला. शेवटचा शॉट भुताने मान खाली घालून दिला. फुली खाली वळली, म्हणून ताईही सबंध वेळ जमिनीशी बोलत राहिली.

मेकअप पुसताना तिने मला विचारलं, ते नवीन वाक्य कोणी घातलं, कागदावर तर नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात तिचा हात थांबला.

"त्याचे कान लाल झाले होते," ती म्हणाली. "भुताचे कान कशाला लाल होतील?"

स्वतःच्या अकलेने लावलेला तिचा हा पहिला तपास. अर्ध्या तोंडावर रंग, अर्ध्यावर क्रीम आणि पायात एकच चप्पल अशी ती धावत सुटली. दिसेल त्याला विचारत होती, भूत कुठे गेलं. पहारेकरी गंभीरपणे म्हणाला की मॅडम, भूत नसतं असं तुम्हीच तर सांगता.

भूत गाडीपाशी वायरी गुंडाळत होतं. लिहून दिलेलं वाक्य नसलं की ताईला बोलता येत नाही. तिने त्याच्या पेटीतून चिकटपट्टी काढली, स्वतःच्या कपाळावर फुली लावली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता तू माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "आणि तेच वाक्य परत म्हण."

त्याने अडखळत म्हटलं. मी श्वास रोखून भुवईकडे बघत होते. भुवई जागची हलली नाही.

"राहा," ताई म्हणाली.

मग क्रीमवरून घसरत फुली तिच्या नाकावर आली, आणि भूत आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसलं.