डागाखालची ओळ

"मावशी, या डागाखाली काय होतं?" सिस्टरनं विचारलं आणि झेरॉक्सचा कागद टेबलावरून पुढे सरकवला.

झालं! चव्वेचाळीस वर्षं हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून टायपिस्टबाईंनी देवाला साकडं घातलं होतं, आणि देवानं तो विचारायला पाठवलं कुणाला, तर सिस्टरला! बाईंना खुदकन हसू आलं. भीती वाटली की हसायचं, हा त्यांचा जुनाच रोग. दाढ काढतानाही हसल्या होत्या. डॉक्टर घाबरला होता.

"काही नाही हो, कॉफी आहे ती."

"ते दिसतंय. कॉफीच्या आधी काय होतं?"

कॉन्व्हेंटमधली ही सिस्टर मोठी चिवट बाई. वय तिशीच्या आत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि फादरांच्या विचारांची ओळख करून देणारं पुस्तक लिहायला घेतलेलं. फादर म्हणजे काही साधे धर्मगुरू नव्हेत! ईश्वरशास्त्रावर अकरा ग्रंथ, आणि अकराच्या अकरा बाईंनी टाइप केलेले, तीन-तीन कार्बन लावून. फादर म्हणायचे, "माझं काही नाही, मी नुसता पोस्टमन." सिस्टरनं ते मनावर घेतलं आणि प्रत्येक पत्र मुळात कुणाचं, ते हुडकायला निघाली. हे वाक्य कुठल्या बिशपाचं, ते कुठल्या मठातल्या बाईचं. तीनशे अठरा टिपा झाल्या. राहिलं एकच वाक्य, आणि नेमकं तेच सगळ्यात गाजलेलं.

'देवाला आपली गरज नाही. आपण त्याला आवडतो.'

लोकांनी हे वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलं, थडग्यांवर कोरलं. सिस्टरचा अख्खा तिसरा अध्याय त्याच्यावर उभा. तिचं म्हणणं, हे चौथ्या शतकातल्या एका ग्रीक बिशपाच्या प्रवचनातलं असणार. फादरांच्या हस्तलिखितात ते अवतरणचिन्हांत सापडलं, की अध्याय तरला. आणि बरोब्बर तिथे कॉफी! पुस्तक गुरुवारी छापखान्यात जायचं होतं, आणि आज मंगळवार.

आत स्वयंपाकघरात बाईंचा नवरा मिक्सर उघडून बसला होता. आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त केलेला माणूस, त्याला घरातलं एकही यंत्र बंद असलेलं बघवत नसे. हात मिक्सरमध्ये, कान बाहेर.

"अगं, सांगून टाक ना," तो ओरडला. "किती दिवस पोटात ठेवणार?"

"तुम्ही गप्प बसा हो!" बाई म्हणाल्या, आणि हसता हसताच सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

त्या दिवशी फादर ऑपरेशनच्या टेबलावर होते. छापखान्याचा माणूस शेवटच्या पानासाठी टायपिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला. आणि बाई? बाई हवेत! सकाळीच मशीनचा 'क' अडकला होता. मेकॅनिक आला, 'क' सोडवला, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून म्हणाला, "हे बघा, मला स्वयंपाक येतो, बटणं लावता येतात, ताप आला तर एकटा झोपून राहतो. मला तुमची गरज म्हणाल तर काडीची नाही. पण तुम्ही मला आवडता. फार."

एवढं बोलून तो जिन्यावरून पळाला. बाईंनी आनंदानं हात उडवला, आणि कप पानावर आडवा. 'देवाला आपली गरज नाही' एवढं वाचता येत होतं. त्याखाली नुसतं जांभळं पाणी.

"मग?" सिस्टरनं विचारलं.

"मग काय! बाहेर तो घड्याळ बघतोय, फादर बेशुद्ध. माझ्या डोक्यात तर दुसरं काही नव्हतंच. दिलं ठोकून!"

सिस्टरनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मेकॅनिक अपराधी चेहऱ्यानं उभा होता.

"ग्रीक बिशप," ती क्षीण आवाजात म्हणाली.

"मी ग्रीक नाही हो," तो म्हणाला.

सिस्टरच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. रडते की काय! पण छे, तिला हसू फुटलं होतं. चष्मा काढून टेबलावर डोकं टेकून हसत होती. "गेला माझा तिसरा अध्याय," ती म्हणत होती, आणि पुन्हा हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "फादरना मात्र सांगायला हवं."

आता बाईंचं हसू पार मावळलं. फादर एक्याण्णव वर्षांचे. प्रत्येक ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं, 'बाईंनी एका अक्षराचाही फरक न करता टाइप केलं.' बाईंच्या आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या पाण्यात फादरांचं खरं वाक्य बुडालं होतं. ते कदाचित याच्यापेक्षा शंभरपट मोठं असेल. हे बाईंना चव्वेचाळीस वर्षं आतून खात होतं.

"चला," त्या चपला शोधत म्हणाल्या. "आत्ताच. उद्यावर टाकलं तर माझा धीर सुटेल."

मेकॅनिकही मागोमाग निघाला. निवृत्त धर्मगुरूंचा आश्रम दोन स्टॉप पलीकडे. फादर व्हरांड्यात, गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. बाईंनी धाडधाड सगळं सांगितलं, मेकॅनिकचं बोलणंसुद्धा. शेवटी म्हणाल्या, "फादर, तुमचं वाक्य मी बुडवलं. मला माफ करा."

फादरांनी झेरॉक्स घेतली, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस मी या पानापुढे बसलो होतो. 'देवाला आपली गरज नाही' इथपर्यंत आलो आणि अडलो. खरं होतं, पण केवढं कोरडं! पुढे काही सुचेना. शेवटी खाली जागा सोडून पान तुमच्याकडे धाडलं."

"म्हणजे डागाखाली?"

"काहीच नव्हतं हो! वरची शाई ओघळलीय नुसती."

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"शुद्धीवर आलो तर उशाशी प्रूफ," फादर म्हणाले. "वाचलं आणि रडलो. माझं नाही हे कळत होतं. पण विचारायची छाती झाली नाही. विचारलं असतं तर परत द्यावं लागलं असतं. आणि बाई, त्या वाक्यावरच मी त्या खाटेवरून उठलो." त्यांनी मेकॅनिककडे मान वळवली. "ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"इथे? सगळ्यांसमोर?" मेकॅनिक लाजून लालबुंद झाला. पण बायकोकडे तोंड करून उभा राहिला आणि घसा खाकरला. "मला तुझी गरज..."

आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबला.

"नाही जमत, फादर. तेव्हा खरं होतं. आता गरजही आहे."

बाईंनी पदर तोंडात कोंबला. सिस्टरचं पेन वहीवर तसंच राहिलं. फादर मात्र खुर्चीत ताठ झाले, शाल गुडघ्यांवरून घसरली तरी त्यांना पत्ता नाही.

"गरजही आहे," ते पुटपुटले. "प्रेम करता करता गरज लागावी! देवालासुद्धा?" आणि एकदम ओरडले, "बाई, बसलात काय? कागद घ्या!"